फोटो आहे, नाव नाही

पत्र: चार वर्षांपासून एका दैनिकात फोटोग्राफर आहे. दिवसाला तीन-चार असाइनमेंट होतात. हार्ड डिस्कवर हजारो चेहरे पडून आहेत आणि त्यांतले काही पाठ सोडत नाहीत. या माणसांबद्दल लिहावंसं वाटतं. पण बसलं की नाव आठवत नाही, कोण काय म्हणालं ते आठवत नाही, आणि जे आठवतं ते घडलेलं की मीच रचलेलं, तेही कळत नाही. दुसरं म्हणजे, शोकाच्या घरात कुठे उभं राहावं, किती वेळ थांबावं, हे कुणी शिकवलंच नाही. मागच्या महिन्यात एका वडिलांनी हात जोडून 'हा फोटो छापू नका' म्हटलं. मी 'नाही छापणार' म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर होता. – एक वाचक

उत्तर: आधी त्या वडिलांचं बघू, बाकीचं थांबू शकतं.

फोटो काढता तुम्ही, निवडतो डेस्क (कार्यालयात बातम्या-फोटो ठरवणारी मंडळी), पान लावतो उपसंपादक. रात्री अकराला एखादी जाहिरात उडाली की आतल्या पानावरचा दोन कॉलमी फोटो उचलून पहिल्या पानावर चार कॉलम लागतो, आणि तुम्हाला ते सकाळी अंक हातात आल्यावर कळतं. त्यामुळे 'नाही छापणार' हा शब्द देणं तुमच्या हातात नव्हतंच. तुमच्या हातात दोन गोष्टी असतात: फोटो पाठवायचा की नाही, आणि पाठवला तर त्याच्यासोबत काय लिहून पाठवायचं. यापुढे कुणी अशी विनंती केली तर म्हणा, 'निर्णय संपादकांचा असतो. तुमचं म्हणणं मी तुमच्यासमोर लिहून घेतो आणि फोटोबरोबर पाठवतो.' मग खरंच वही काढा आणि लिहा. फोटोच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीत, सूचनांसाठी वेगळा रकाना असतो. त्यात नेमकं टाका: 'वडिलांची विनंती, चेहरा दिसणारी फ्रेम छापू नये. फ्रेम ४४१२ ते ४४१९.' नुसतं एवढ्यावर विसंबू नका, कारण रात्रीच्या घाईत तो रकाना कुणी उघडत नाही. डेस्कला फोन करा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव व वेळही वहीत टिपा.

एखादी फ्रेम पाठवूच नये असं वाटलं तर पाठवू नका, पण तसं डेस्कला सांगा. एकदा फाइल कार्यालयाच्या यंत्रणेत गेली की ती तिथेच राहते. दोन वर्षांनी त्याच विषयावर बातमी आली की कुणीतरी शोध घेतो आणि तोच चेहरा 'संग्रहित छायाचित्र' म्हणून पुन्हा छापला जातो. घरच्यांना खरा धक्का बऱ्याचदा या दुसऱ्या वेळी बसतो.

आता त्या वडिलांना भेटायला जा. शक्यतो फोनवर उरकू नका आणि कॅमेरा नेऊ नका. जाण्याआधी कार्यालयात विचारून ठेवा, म्हणजे तिथे पुन्हा पोकळ शब्द देण्याची वेळ येणार नाही. छापलेला अंक परत घेता येत नाही, पण फोटो आणखी कुठे कुठे गेला ते शोधून काढा: वेबसाइटवरची बातमी, ई-पेपर, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, वृत्तसंस्थेला दिला असेल तर तिथे. ही चार वेगळी दारं आहेत आणि सहसा चार वेगळी माणसं ती सांभाळतात. वेबसाइटवरून फोटो काढला तरी बातमीची लिंक कुणी पुढे पाठवली की जुना फोटो काही काळ दिसत राहू शकतो, हेही वडिलांना सांगा. जे निघेल ते निघेल म्हणा, जे निघणार नाही ते निघणार नाही म्हणा. आणि जो शब्द दिला तो तुमच्या हातातला नव्हता, हे स्वतःहून बोला. डेस्कवर खापर फोडू नका. त्यांच्या दृष्टीने दाराशी आलेली व्यक्ती तुम्ही होता.

याच ओघात, कुणी जागेवरच 'डिलीट करा' म्हणालं तर? शांतपणे बोलून, ओळखपत्र दाखवून, कशासाठी फोटो हवाय ते सांगून बहुतेक वेळा निभतं. जमाव अंगावर येत असेल तर वाद घालू नका, डिलीट करा, ते कार्ड काढून घ्या आणि त्यावर पुढे एकही फ्रेम काढू नका. डिलीट केल्यावर फाइलची फक्त नोंद पुसली जाते, मजकूर त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत राहतो, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो बहुधा परत मिळतो. मात्र एखाद्या माणसाच्या विनंतीचा मान ठेवून तुम्ही स्वतःहून डिलीट केलं असेल, तर हा उपाय त्या फ्रेमवर वापरायचा नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच गोष्ट आहे, तुमच्या दृष्टीने नाही.

शोकाच्या घराबद्दल कुणी शिकवत नाही, हे खरंच. तरी त्याची एक रीत आहे. कॅमेरा बॅगेत लपवून आत जाऊ नका. तो गळ्यात दिसू द्या, फक्त लेन्स खाली असू द्या. आत जाऊन अचानक काढलेला कॅमेरा लोकांना फसवणूक वाटतो, आणि ते बरोबरच आहे. घरात सगळ्यात जास्त रडणाऱ्या माणसाला परवानगी विचारायची नसते. उंबऱ्याशी कुणीतरी चुलतभाऊ, शेजारी, मामा असा असतो, जो फोन घेत असतो, खुर्च्या मागवत असतो. त्याला गाठा. नाव, दैनिक, काम आणि वेळ, एवढं एका दमात सांगा: 'दहा मिनिटं थांबतो, फ्लॅश वापरणार नाही, कुणाला हलायला सांगणार नाही.' तो आत जाऊन विचारून येईल. 'नको' आलं तर तिथूनच मागे फिरा. रस्त्यावरून खिडकीतला फोटो घेणं म्हणजे त्या 'नको'ला मागच्या दाराने 'हो' करून घेणं. 'हो' आलं तर पहिली दोन-तीन मिनिटं फोटो काढू नका. प्रकाश कुठून येतोय, ये-जा कुठून होतेय ते बघा, आणि दार व मुख्य माणूस यांच्या मध्ये येणार नाही अशी भिंतीलगतची जागा धरा. सगळे जमिनीवर बसले असतील तर तुम्हीही बसा. उभ्या माणसाचा कॅमेरा बसलेल्यांच्या डोक्यावर येतो, आणि फोटोतही ते दिसतं.

कॅमेऱ्याची तयारी दाराबाहेरच करा. बीप बंद, फोकससाठी पेटणारा छोटा दिवा बंद, मागच्या स्क्रीनवर फोटो आपोआप दिसणं बंद. अंधाऱ्या खोलीत तो स्क्रीन टॉर्चसारखा पेटतो. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावत असाल तर वरचा दिवा बघा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो (वीज ५० हर्ट्झची असेल तर, ६० हर्ट्झला १२० वेळा). परिणामी चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० सेकंदावर शटर आणा, म्हणजे पट्टे जवळपास जातात. ६० हर्ट्झला १/१२५ किंवा १/६०. नाहीतर सरळ मेकॅनिकल शटर लावा आणि कमी वेळा दाबा. दाबण्याआधी थांबावं लागलं की फोटोही सुधारतो. लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १/१००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० इथून सुरुवात केली तर एका खिडकीच्या खोलीत बहुधा काम भागतं.

लेन्सबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाशीही त्याचा संबंध आहे. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरून जेवढी रुंदी चौकटीत येते, तेवढीच २०० मिलिमीटरने साधारण साडेअकरा मीटरवरून येते. चौकटीतलं माप तेच असलं तरी दोन मीटरवर त्या माणसाला तुमचा श्वास ऐकू येतो. तो मान वळवून 'नको' म्हणू शकतो, तुम्ही नाव विचारू शकता, तो काय पुटपुटतोय ते तुमच्या कानावर पडतं. साडेअकरा मीटरवर यातलं काहीच होत नाही. लांबच्या लेन्सने काढलेल्या फोटोंची नावं वहीत नसतात, हा योगायोग नव्हे. स्मशानभूमीसारख्या ठिकाणी लांब राहणं हीच सभ्यता असते, तिथे २०० जरूर वापरा. पण नंतर अंतर चालत जाऊन नाव विचारायचं काम शिल्लक आहे, हे लक्षात असू द्या.

घरातली वस्तू बोलते म्हणून तिचा फोटो घ्या: दाराशी राहिलेली चप्पल, अर्धवट लिहिलेली वही, मोकळी खुर्ची. पण ती उचलून प्रकाशात ठेवू नका. भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून आईच्या मांडीवर ठेवायला सांगणं, हा तर आपल्या धंद्यातला जुना रोग. अमेरिकेतल्या नॅशनल प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशनची आचारसंहिता दोन्ही बाबतींत स्पष्ट आहे. रचलेल्या प्रसंगांच्या आहारी जाऊ नका, आणि खासगी दुःखात शिरायचंच असेल तर लोकांनी ते पाहणं खरोखर गरजेचं असेल तेव्हाच शिरा. दहा मिनिटं झाली की उठा, फ्रेम मिळाली नसली तरी. ज्याने आत नेलं त्याला सांगून निघा.

आता नावांचं. तुम्ही एकटेच नाही आहात. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार वेचणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे फोटो काढले. थांबल्या जेमतेम दहा मिनिटं. वय ३२ एवढं टिपलं, नाव विचारलंच नाही. तो फोटो जगभर गेला, पण फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी. गाडीचे टायर विकून अन्न घेतलं, असं लँग यांनी लिहिलं होतं, ते घडलंच नाही असं कुटुंबीयांनी नंतर सांगितलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १४ ऑगस्ट १९४५ ला, युद्ध संपल्याच्या जल्लोषात, आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी टिपलेल्या चुंबनातल्या दोघांची नावं घेतली गेली नाहीत, आणि पुढे 'तो मीच', 'ती मीच' म्हणणाऱ्यांची रांग लागली. स्टीव्ह मकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो १९८५ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. तिचं नाव शरबत गुला, हे २००२ साली कळलं. या तिघांच्या कामात कौशल्याची उणीव नव्हती. दीड मिनिटाची वहीतली नोंद राहून गेली.

ती नोंद कशी करायची? खिशात मावणारी, वरून उलटणारी वही आणि पेन्सिल ठेवा. पावसात बॉलपेनही दगा देतं, पेन्सिल देत नाही. फोटो झाल्यावर वही आणि पेन्सिल त्या माणसाच्याच हातात द्या आणि नाव लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि वाचून दाखवा. मग त्या पानाचा त्याच कॅमेऱ्याने एक फोटो काढा. आता चेहरा आणि नाव कार्डवर एकामागोमाग आहेत, वही हरवली तरी ती जोडी तुटत नाही. गट असेल तर डावीकडून उजवीकडे नावं, आणि सोबत कपड्यांची खूण: 'निळा शर्ट, चश्मा'. लोक जागा बदलतात, शर्ट बदलत नाहीत. शेवटी फ्रेमच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे.

दोन कॅमेरे वापरत असाल तर दोघांची घड्याळं सकाळी जुळवा. सोपी युक्ती आहे: मोबाइलवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपून ठेवा. नंतर एकात सात मिनिटांचा फरक निघाला तरी सगळ्या फाइलींची वेळ एकदम सरकवता येते. हे न केल्यास मिरवणुकीच्या फोटोंमध्ये आधी दगड पडलेला दिसतो आणि मग फेकणारा. अशा फोटोंवर कधी चौकशी बसली, तर तुमची बाजू मांडणारं दुसरं काही नसतं.

फोटोओळ त्याच दिवशी, फाइलच्या आत लिहा. वर्णनाच्या रकान्याचं जुनं मानक २००० बाइटचं आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम साडेसहाशे चिन्हं मावतात, त्यापुढचा मजकूर काही सॉफ्टवेअर निमूट कापतात. म्हणून नाव पहिल्या वाक्यात घ्या. फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलात तर मेटाडेटा गळून पडतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि विशेषणांना आवर घाला. 'शोकाकुल महिला' असं लिहिता तेव्हा तुम्ही काय पाहिलेलं असतं? ओले डोळे. आगीच्या ठिकाणी धुरानेही डोळे ओले होतात. 'आग विझल्यानंतर घराच्या दाराशी उभ्या असलेल्या अमुक अमुक. त्या कामावरून परतल्या तेव्हा बंब पोहोचलेला होता' एवढं लिहिलं की वाचकाला विशेषण लागत नाही.

'आठवतं ते खरं की रचलेलं' याचा इलाज म्हणजे रात्रीची पंधरा मिनिटं. झोपण्याआधी, फोटो न उघडता लिहा. फोटो उघडला की आठवण त्या चौकटीच्या मापाची होते. पानावर तीन उभे रकाने पाडा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. 'पाहिलं'मध्ये मुख्यतः चौकटीबाहेरचं घ्या: कोण कुठे उभं होतं, हात काय करत होते, कोणता आवाज चालू होता. 'ऐकलं'मध्ये फक्त जसेच्या तसे शब्द, आणि ते कुणाचे. सारांश आठवत असेल तर अवतरणचिन्हं नकोत. 'वाटलं'मध्ये तुमचे अंदाज, राग, लाज, काहीही. नोंद अशी दिसेल: 'पाहिलं – म्हातारा खुर्चीच्या कडेवर, डाव्या हातात चष्म्याची मोडकी काडी, पूर्ण वेळ सोडली नाही. ऐकलं – "त्याला सांगितलं होतं, गाडी सावकाश चालव" (म्हातारा, दोनदा). वाटलं – मला दुसराच कुणी समजतोय, बहुधा पोलिस.' पाच वर्षांनी लेख लिहाल तेव्हा पहिले दोन रकाने माणसाबद्दलचे असतील आणि तिसरा तुमच्याबद्दलचा. चौथी ओळ रोज हवी: मी काय केलं. खुर्ची सरकवली? कुणाला बाजूला व्हायला सांगितलं? फोटो पाठवतो म्हणालो? शेवटचं असेल तर समासात 'प्रिंट देणे' असं लिहा आणि द्या. ६ बाय ८ इंचांच्या चांगल्या प्रिंटला १८०० बाय २४०० पिक्सेल पुरतात. हे वचन मोडणारे इतके आहेत की पाळणारा फोटोग्राफर त्या वस्तीत वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

ओळख लपवायचं कबूल केलं असेल तिथे चेहरा झाकून भागत नाही. गणवेश, फाटक, गाडीचा नंबर, हातावरचं गोंदण, सोबत बसलेली आई, यातल्या कशावरूनही माणूस ओळखू येतो. खिडकीसमोर बसवून काळी आकृती घेतलीत तर ती फाइल संगणकावर उघडा आणि सावल्यांची पट्टी शेवटपर्यंत उजळवून बघा. रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) चेहरा बहुधा उगवतो. म्हणून रॉ पाठवू नका, सावल्या पूर्ण काळ्या केलेली जेपीईजीच पाठवा. फाइलमध्ये दडलेला छोटा नमुना-फोटो काही सॉफ्टवेअर बदलत नाहीत, त्यात मूळ चेहरा शाबूत राहतो. जीपीएसची नोंदही तिथेच असते. मेटाडेटा पूर्ण पुसून, फोटोओळ नव्याने घालून मग पाठवा.

चेहरे पाठ सोडत नाहीत म्हणता, त्यावर थोडक्यात. अपघाताचे फोटो निवडताना आधी लहान आकारात बघा, पूर्ण पडदाभर फक्त दोन-चारच उघडा. अंथरुणात बसून निवडू नका. काही दिवस झोप बिघडणं साहजिक आहे. महिना उलटूनही दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येत असतील, तो रस्ता किंवा तसलं काम टाळलं जात असेल, दचकायला होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ढोपर फुटल्यावर जाल तसंच.

लिहून प्रसिद्ध करण्याआधी नोकरीचा करार वाचा. पगारी फोटोग्राफरच्या फोटोंची मालकी सहसा दैनिकाकडे असते, तेव्हा फोटो वापरायची परवानगी लेखी घ्या. माणसाची परवानगी ही वेगळी बाब. त्याने एका दिवसाच्या अंकासाठी फोटो काढू दिला होता, तुमच्या लेखातलं पात्र व्हायला नव्हे. त्याच्याबद्दलचा भाग त्याला वाचून दाखवा. नाव बदललं तर तसं लेखात लिहा. दोन माणसं मिसळून एक करू नका, त्यापेक्षा लेख लहान झालेला बरा.

राहिली चार वर्षांची हार्ड डिस्क. सगळी उपसायला गेलात तर दोन आठवड्यांत सोडून द्याल. पाठ न सोडणारे दहा चेहरे निवडा. प्रत्येक फाइलवरून तारीख आणि वेळ काढा, त्या तारखेचा आणि दुसऱ्या दिवशीचा अंक ग्रंथालयात बघा, बातमीत नाव असू शकतं. नसेल तर तेव्हा सोबत असलेल्या बातमीदाराला विचारा, बातमीदार वह्या फेकत नाहीत. आधीच्या-नंतरच्या फ्रेम मोठ्या करून बघा: दुकानाची पाटी, घरावरची नावाची पाटी, रिक्षाचा थांबा. मग फ्रेमची प्रिंट घेऊन तिथे जा आणि पहिल्याच दुकानदाराला दाखवा. प्रिंट हातात दिलीत की तो चश्मा लावून बघतो आणि आत हाक मारतो. मोबाइलवर दाखवलंत तर तो आधी तुम्ही कोण, हेच विचारेल. त्या माणसाचं दार उघडलं की प्रिंट द्या, कोणत्या दिवशीची आहे ते सांगा, आणि नाव विचारा. वही त्याच्या हातात द्या.